दोन हलके, मग एक जड

मी एक जुना ढोल आहे. देवळातला नाही आणि लेझमीतलाही नाही. लग्नाच्या बँडमधला मोठा ढोल, गळ्यात अडकवला की वाजवणाऱ्याची फक्त टोपी आणि पाय दिसावेत एवढा. माझ्या एका बाजूच्या चामड्यावर हातभर लांब शिवण आहे. ती कशी पडली हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. मित्रांनो, ज्याचा जन्मच मार खाण्यासाठी झाला, त्याने माराबद्दल बोलायचं नाही तर मग बोलायचं कोणी?

माझी सुरुवातच मारापासून झाली. फणसाचं एक झाड कुऱ्हाडीने आडवं झालं, त्याच्या फळ्या वाफेवर धरून दामटून वाकवल्या गेल्या. दोन बोकडांच्या मानेवरून सुरी फिरली. त्यांची कातडी चुन्यात भिजली, खरवडली गेली आणि माझ्या दोन्ही तोंडांवर दोऱ्यांनी करकचून ताणली गेली. वसईच्या बाजारात एका कारागिराच्या ओसरीवर हे सगळं झालं. काम संपल्यावर त्याने मला पहिला दणका दिला आणि मी ओरडलो. तो म्हणाला, "झाला." १९७० सालची ही गोष्ट.

मला गिरीज गावच्या सिप्रियनने घेतलं. पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही लग्नांना त्याचा बँड जायचा. हा माणूस मला रोज बडवायचा, पण त्याची एक रीत होती. आधी मला निखाऱ्यांवर शेकायचा, चामडं कोरडं आणि ताठ करायचा. मग उजव्या हाताचा तळवा माझ्या तोंडावर पसरून थोडा वेळ नुसता ठेवायचा. वाजवायचा त्यानंतर. लोक हसायचे. सिप्रियन म्हणायचा, "ज्याला मारायचं त्याला आधी हात लावून बघावा. मग हात आपोआप बेताने पडतो."

अशी चार वर्षं सुखात गेली आणि मग ती दोन लग्नं समोरासमोर आली. आमच्या वाड्यांमधल्या वाटा तुम्ही पाहिल्या असतील. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये बैलगाडीपुरती जागा. एका बाजूने आमची वरात आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या गावची. मागे कोणी सरायचं यावरून आधी शब्द झाले, मग कुंपणाचे खुंटे उपटले गेले. एकाचं डोकं फुटून रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं. एकाच्या तोंडावर आमच्याच वाजवणाऱ्याने पितळी बाजा मारला आणि त्याचे दोन दात वाटेवर पडले. नवरी पालखीगाडीत बसून रडत होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात एक खुंटा माझ्या दिशेने आला. सिप्रियन वळला आणि तो घाव त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी छातीलाच लागून होतो.

घरी आणल्यावर बायको त्याला बोलली. तो म्हणाला, "ढोल फुटला तर लग्न थांबतं. खांद्यावाचून कोणाचं अडतं?"

अडलं मात्र त्याचंच. तो हात पुन्हा छातीच्या वर गेला नाही. बँड मोडला, मी माळ्यावर गेलो. आठ वर्षं माझ्या पाठीवर कोंबड्या बसल्या. ज्याने त्यांची शिट माझ्यावरून पुसायची तो माळ्याची शिडी चढू शकत नव्हता. गुणी माणसालाही अडगळीत दिवस काढावे लागतात, मग मी तर ढोल.

माळ्याच्या झरोक्यातून शेजारची वाडी दिसायची. ती हरिश्चंद्रभाऊंची. माणूस कामाला वाघ होता. पहाटे पाणी लावायला जायचा आणि दिवस मावळल्यावर विळा-कोयता धुऊन खांबाला अडकवायचा. त्यांची केळी वसईच्या बाजारात नावाने विकली जायची. पण त्यांच्या घरातून एक आवाज यायचा, तो मला माळ्यावर बसूनही ओळखता येई. मी जन्मभर मार खाल्लेला. मारणारा कोण आहे, हे मी डोळे मिटून सांगतो, कारण प्रत्येकाच्या मारण्याला एक ठेका असतो. हरिश्चंद्रभाऊंचा ठेका असा: दोन हलके, भराभर. मग थांबा. त्या थांब्यात ते विचारायचे, "करशील परत?" आणि उत्तर यायच्या आत एक जड.

तो मार खाणारा त्यांचा मुलगा दिवाकर. लहानपणी शाळेवरून, मोठा झाल्यावर वाडीच्या कामावरून. वीस वर्षांचा झाला, बापाहून वीतभर उंच झाला, तरी उभा राहून खायचा.

१९८२च्या एका दुपारी तो मार खाऊन बांधावरून उडी टाकून आमच्याकडे आला आणि सरळ माळ्यावर चढला. कोंबड्या उडाल्या. तो मला टेकून बसला. त्याच्या सदऱ्यातून वळांची ऊब मला लागत होती. मग त्याची बोटं माझ्यावर वाजू लागली. दोन हलके, थांबा, एक जड. दोन हलके, थांबा, एक जड. आपण काय वाजवतो आहोत हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

कोंबड्यांचा गलका ऐकून सिप्रियनची नात ॲनी वर आली. हातात खराटा. एकोणीस वर्षांची, चर्चमध्ये गाणारी, कोणाला न भिणारी.

"काय वाजवतोस?" तिने विचारलं.

"काय नाय. असंच."

"परत वाजव."

त्याने वाजवलं. तिने खराट्याची काठी काढली आणि माझ्या दुसऱ्या तोंडावर तोच ठेका धरला. आठ वर्षांनी माझ्या पोटातली धूळ हलली. खाली खाटेवर पडलेला सिप्रियन उठून बसला, हे मला फळ्यांच्या फटीतून दिसलं.

बँडची सुरुवात अशी झाली. तिसरा आला इग्नेशियस. तो चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवायचा आणि त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता. मामाने आणलेल्या परदेशी कॅसेटी तिघांनी ऐकल्या, झिजेपर्यंत ऐकल्या. रॉक म्हणतात त्याला, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, एवढा आरडाओरडा वसईत तर रोज होतो, फक्त कोणी त्याला चाल लावली नव्हती. इग्नेशियसने जुन्या रेडिओची पेटी गिटारला जोडली. ॲनीने मला कुशीवर निजवलं आणि आईच्या मोडक्या शिलाई मशीनच्या पायट्याला लाकडी गोळा बांधून मला लाथेने वाजवू लागली. उभ्या आयुष्यात हात खाल्ले होते, आता पायही खाल्ला. पण पहिल्या दिवशी पायटा जोडण्याआधी सिप्रियनने तिला खाली बसवलं आणि तिचा तळवा माझ्यावर ठेवायला लावला. "आता वाजव," तो म्हणाला.

गाणी दिवाकर लिहायचा, मराठीतच, घरी बोलतात तशी.

"बांधावरून मारली उडी, पाठीवरती लाल वाट,
विचारू नका गेलो कुठे, लावू नका कोणी हात."

त्याला गोड गळा नव्हता. पण तो गायला लागला की ॲनीच्या आईचा कांदा चिरता चिरता हात थांबायचा. बँडचं नाव त्यांनी ठेवलं राजेळी. आमच्याकडची ही केळी उन्हात पार सुकवली तरी गोड राहतात, म्हणून. आणि प्रत्येक गाण्यात, चाल कुठलीही असो, दिवाकर ठेका तोच मागायचा. दोन हलके, थांबा, एक जड.

आता एक गोष्ट सांगतो ती सांगायला मला आवडत नाही. एका संध्याकाळी इग्नेशियस तीनदा एकाच जागी चुकला. चौथ्यांदा चुकला तेव्हा दिवाकरने त्याच्या थोबाडीत दोन दिल्या, भराभर. मग थांबला. म्हणाला, "करशील परत?" आणि मूठ आवळून तोंडावर हाणली. इग्नेशियसचा ओठ फाटला. रक्त गिटारच्या तारांवर ठिबकलं.

ॲनीचा पाय पायट्यावरच राहिला. इग्नेशियस सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत म्हणाला, "सेम तुझ्या बापासारखा मारतोस." आणि निघून गेला.

दिवाकर स्वतःच्या मुठीकडे बघत बसला. माफी मागायचं त्याच्या मनात होतं, ते मला कळत होतं. पण ज्या घरात तो शब्द कोणी कधी उच्चारला नाही, त्या घरच्या पोराने तो आणायचा कुठून? आठ दिवसांनी इग्नेशियस आपण होऊन परत आला. "गाणं अर्धं राहिलंय," एवढंच म्हणाला. मात्र त्या दिवसापासून तो माझ्या पलीकडच्या बाजूला उभा राहायचा, दिवाकरचा हात पोहोचणार नाही असा.

पुढच्या उन्हाळ्यात दयाराम आमच्या वाटेने सायकलवरून चालला होता. दयाराम वटार गावचा. लग्नाकार्यांना झाडावर लाऊडस्पीकर लावण्याचा त्याचा धंदा. तो थबकला आणि कुंपणावरून विचारू लागला, "हे कुठलं स्टेशन लागलंय?" त्याला रेडिओ वाटला. आत येऊन त्याने तिघांना पाहिलं, कोंबड्या पाहिल्या, शिलाई मशीनचा पायटा पाहिला आणि मांडी घालून बसला. चार गाणी ऐकल्यावर म्हणाला, "मी वीस वर्षं दुसऱ्यांची गाणी झाडावर चढवतोय. तुमची चढवीन. माझ्याकडे नवीन टेप मशीन आहे, त्यात भरतापण येतं. सोमवारी मी मोकळा आहे. मंगळवारपासून लग्नंच लग्नं."

आमच्या घरी भरणं शक्य नव्हतं. भिंती कुडाच्या आणि गाण्यात कोंबड्या. दिवाकरला जागा सुचली, बापाची वखार. केळी पिकवायची खोली. मातीच्या जाड भिंती, एकच झरोका, एकच दार. हिरवे घड आत रचायचे, सुक्या पानांनी झाकायचे, गोवऱ्यांची धुरी द्यायची आणि दार शेणमातीने लिंपून टाकायचं. चौथ्या दिवशी उघडायचं, घड पिवळेधमक. मधेच उघडलं तर आतली ऊब जाते आणि केळी धड पिकत नाहीत, धड कच्ची राहत नाहीत, काळी पडतात. आमच्या भागात शेंबडं पोरही हे जाणतं.

नेमकी त्या सोमवारी वखार भरलेली होती. वटारला हरिश्चंद्रभाऊंच्या भाचीचं, चंद्रकांताचं, लग्न शुक्रवारी होतं आणि मामाकडून मांडवाला केळी जायची होती. धुरीचा दुसरा दिवस होता. हरिश्चंद्रभाऊ दिवसभरासाठी वसईच्या कोर्टात बांधाच्या भांडणाच्या तारखेला गेले होते.

"उघडू नको," ॲनी म्हणाली.

"दोन तासांत परत लिंपतो. ओल्या शेणाला काय कळतंय," दिवाकर म्हणाला. "सोमवार गेला की मशीन गेली."

इथे त्याची चूक झाली, मित्रांनो. लिंपण परत लावता येतं, ऊब परत लावता येत नाही. केळीच्या वाडीत वाढलेल्या मुलाला हे कळत नव्हतं असं नाही. पण हवी ती वस्तू समोर असली की माणूस स्वतःच्याच शहाणपणाकडे पाठ फिरवतो.

दार फोडलं, धूर जाऊ दिला, घड भिंतीकडे सरकवून मला मध्ये ठेवलं. दयाराम मशीन घेऊन बाहेर झरोक्याखाली बसला आणि तार आत सोडली. आणि मी काय सांगू! माझा आवाज कुठेच आपटून परत येईना. केळीच्या त्या शेकडो घडांनी तो जिथल्या तिथे धरला. एकेक ठोका मुठीएवढा घट्ट. एका दमात सात गाणी झाली. सातवं संपलं तेव्हा इग्नेशियस कित्येक महिन्यांनी हसला आणि चुकून दिवाकरच्या बाजूला येऊन उभा राहिला. कॅसेटचं नाव काय ठेवायचं? "धुरी," ॲनी म्हणाली. डोळे चुरचुरत होतेच.

आणि दारात हरिश्चंद्रभाऊ उभे होते. कोर्टात पुढची तारीख पडली होती.

त्यांनी आधी घडांकडे पाहिलं. एका केळीवर बोट दाबलं. मग खांबाला टांगलेला विहिरीचा ओला दोर काढला.

"कोणी फोडलं दार? कोणी फोडलं?"

"मी, दादा." दिवाकर बापाला दादा म्हणायचा.

दोन हलके. थांबा. "करशील परत?" एक जड. दोर पाठीवर, मानेवर, तोंडावर. दिवाकर घडांवर पडला, घड त्याच्यावर पडले. भुवई फुटून डोळ्यात रक्त गेलं. इग्नेशियस मध्ये पडला तर त्याला भिंतीवर भिरकावलं. गिटारची मान मोडली. दिवाकर रडत होता, मोठ्या माणसाने रडू नये तसा, दम लागून. ॲनी ओरडली, "मरेल तो, भाऊ, सोडा त्याला," आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

परक्याच्या पोरीवर हात टाकता येत नाही. एवढी रीत त्यांना होती. राग मात्र हाताशी आला होता, त्याला कुठेतरी जायलाच हवं होतं. त्यांनी कोयता उचलला आणि माझ्यावर घातला. सिप्रियनने ज्यासाठी खांदा दिला होता ते चामडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. मग सगळं शांत झालं आणि हरिश्चंद्रभाऊंचं खोकणं तेवढं उरलं.

दयाराम पहिल्याच ओरडण्याला केळीतून पळाला होता. पळताना त्याने मशीन तशीच चालू टाकली. मशीन बिचारी कोणाला भीत नाही. तिने सातव्या गाण्यानंतर सगळं भरून घेतलं, माझ्या फाटण्यापर्यंत आणि खोकल्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम मशीन न्यायला आला, तेव्हा तिघांनी ती कॅसेट आमच्या घरी बसून ऐकली. दिवाकरच्या भुवईला चार टाके होते. सात गाणी संपली आणि आठवं लागलं, दोराच्या माराचं. कोणी कोणाकडे बघेना.

"हे पुसून टाक, दयारामकाका," दिवाकर म्हणाला. "माझं रडणं गावाला ऐकवायचंय का?"

"ठेव," ॲनी म्हणाली. "जे झालं ते झालं. ते गाण्यापेक्षा खरं आहे."

दिवाकरने तिच्यासमोर हात जोडले. दयाराम म्हणाला, "एकुलती एक कॅसेट आहे. पुसायला गेलो आणि सातवं पुसलं गेलं म्हणजे? मी सातव्यावर बंद करीन, बाबा. माझ्यावर सोड." आणि जाताना तो मलाही घेऊन गेला. फाटकं तोंड खाली, चांगलं तोंड वर, त्यावर फळी आणि फळीवर मशीन. त्याला मशीन ठेवायला घडवंची हवी होती. मी घडवंची झालो.

अशा रीतीने शुक्रवारी मी चंद्रकांताच्या लग्नात होतो. मांडवाच्या कोपऱ्यात मी, माझ्यावर मशीन, आणि नारळाच्या झाडावर कर्णा. समोर पुरुषांची पंगत, पलीकडे बायकांची. बायकांच्या पंगतीत टोकाला रखमाबाई होत्या, हरिश्चंद्रभाऊंच्या आई, नवरीची आजी. ऐंशीच्या घरात, नजर गेलेली, कान शाबूत. दिवाकर भुवईवर पट्टी लावून वरणाची बादली घेऊन वाढत होता. भाचीच्या लग्नात मामाची केळी आली नव्हती, ती बाजारातून आणावी लागली होती, आणि हरिश्चंद्रभाऊ मान खाली घालून जेवत होते.

सनईची कॅसेट संपली तशी पोरं दयारामच्या मागे लागली, काहीतरी नवीन लाव. दयारामलाही राहवत नव्हतं. त्याने राजेळी लावली.

पहिल्या गाण्याला म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्याला पोरं मांडवाबाहेर नाचू लागली. तिसऱ्या गाण्यापर्यंत आचारी झारा हलवत ताल धरून होते. आणि हरिश्चंद्रभाऊंची डाव्या हाताची बोटं पत्रावळीशेजारी जमिनीवर वाजू लागली. दोन हलके, थांबा, एक जड. त्या ठेक्याला त्यांच्याइतकं ओळखणारं तिथे कोण होतं? पोटच्या पोराचा गाण्यातला आवाज मात्र त्यांनी ओळखला नाही, कारण तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कोणाचा पोरगा गातो हा?"

"कोण जाणे. बँड नवीन दिसतो."

"बरा गातो," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले.

दिवाकर वरण वाढत त्यांच्यासमोरच उभा होता. पळी बादलीतच राहिली. एकवीस वर्षांत बापाच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं बरं. सांगावं का, मीच तो? त्याचे ओठ हलले. पण तो बादली उचलून पुढे सरकला. त्याचं तोंड उजळलेलं मी एवढ्या लांबून पाहिलं.

तोपर्यंत दयारामही जेवायला बसला होता. सातवं गाणं सुरू झालं तसा तो उठायला लागला. नवरीचे वडील जगन्नाथ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. "माझ्या पोरीच्या लग्नात अर्ध्या पानावरून उठतोस? एक जिलबी घ्यायचीच."

"शेठ, मशीन..."

"मशीन कुठे पळून जाते? अजून एक. माझी शपथ."

आमच्याकडे पानावर बसलेल्याला आग्रहाच्या हातून देवही सोडवत नाही. दयारामच्या तोंडात जिलबी होती आणि सातवं गाणं संपलं.

नारळाच्या झाडावरून आवाज आला, "कोणी फोडलं दार? कोणी फोडलं?"

पोरं नाचायची थांबली. पंगतीतले घास हातातच राहिले. मग दोन हलके, भराभर. पूर्ण वटार गावावर. थांबा. "करशील परत?" आणि एक जड. आणि मोठ्या माणसाचं रडणं.

हरिश्चंद्रभाऊंनी आवाज ओळखला. माणूस जन्मभर बोलतो, मारतो, पण स्वतःला ऐकत नाही. ते उठले. हाताला भात तसाच, पंगत ओलांडून माझ्याकडे आले. मशीनवर पाच-सहा बटणं होती. त्यांनी एक दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, आवाज वाढला. वरून त्यांचाच दोर त्यांच्याच मुलावर पडत होता. त्यांनी हात उचलला, उष्टा, उजवा, मशीन फोडायला. मशीनखाली मी होतो. मी म्हटलं, आता दुसरं तोंडही गेलं.

झाडावरून दोन हलके वाजले. मग थांबा आला.

त्या थांब्यात बायकांच्या पंगतीतून रखमाबाईंचा आवाज आला. "ते आले का गो?" त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं. ते म्हणजे त्यांचे मालक, हरिश्चंद्रभाऊंचे वडील आत्माराम. त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. आणि लेक काही बोलायच्या आत म्हातारीने दोन्ही कोपर वर केले, डोकं हातांत लपवलं आणि अंग चोरून वाट बघत बसली. थांब्यानंतर काय येतं ते तिला पाठ होतं.

झाडावरून जड ठोका पडला. म्हातारी बसल्या जागी हादरली.

हरिश्चंद्रभाऊंचा हात वरच होता. ते आईकडे बघत होते. आपण कोणाचा ठेका वाजवतो आहोत, हे त्या माणसाला भर मांडवात, दोन-तीनशे लोकांसमोर कळलं. मी पुष्कळ तोंडं फुटलेली पाहिली आहेत. न मारता असं फुटलेलं तोंड ते एकच.

हात खाली आला. मशीनवर नाही. फळीच्या बाजूला माझं चामडं उघडं होतं, त्यावर तो तळवा पसरून टेकला आणि तसाच राहिला. सिप्रियनला गेल्या आठ-नऊ वर्षांत मला वाजवता आलं नव्हतं, तरी माझ्या अंगाला त्याची ती तळव्याची रीत आठवली. तो तळवा भाताने चिकट झाला होता. वर कर्ण्यातून मी फाटलो, कोणी खोकलं, आणि टेप संपली.

मग ते बायकांच्या पंगतीत गेले, आईसमोर उकिडवे बसले. तिचे हात डोक्यावरून खाली घ्यायला लागले. ती घेऊ देईना. "आई, मी हरी," ते म्हणत होते. "नाय मारत. कोणी नाय मारत." एक हात खाली आणला की दुसरा वर जायचा. कितीतरी वेळ ते चाललं होतं. मांडवात कोणी हललं नाही.

त्यांनी दिवाकरची माफी मागितली का? नाही. तो शब्द त्यांच्या तोंडाला शेवटपर्यंत आला नाही. दोर मात्र त्या दिवसानंतर विहिरीवरच राहिला. शब्द सापडला तो दिवाकरला. दुसऱ्या दिवशी तो इग्नेशियसच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुला मारलं ते चुकलं माझं." इग्नेशियसने त्याला बराच वेळ उभा ठेवला. मग आतून चहा आणला.

माझी शिवण ॲनीने घातली, सुतळीने, सिप्रियनने शेजारी बसून सांगितलं तशी. त्या बाजूने माझा आवाज घोगरा येतो. दयारामने पुढे 'धुरी'च्या पुष्कळ कॅसेटी भरून दिल्या. वसईच्या पट्ट्यात आज राजेळीचं नाव पोरांच्या तोंडी आहे. आठवं गाणं पुसायचं का, असं त्याने दिवाकरला पुन्हा विचारलं होतं. दिवाकर म्हणाला, "राहू दे. ठेका तिथूनच आलाय."

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. घरात जुना ढोल असेल तर त्याला ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका, त्याच्यावर कोंबड्या बसवू नका. त्याला खुशाल बडवा, आम्ही त्यासाठीच आहोत. पण दुसऱ्या कोणावर हात उचलाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, प्रत्येक मारात एक थांबा असतो. लहानसा, श्वासाएवढा. त्या थांब्यात समोर कोणीतरी दोन्ही हातांत डोकं घेऊन बसलेलं असतं, आणि तुमचा हात अजून वरच असतो. तेवढ्यात तो उघडा करून नुसता टेकवता येतो.